पत्रातील ‘तू’ आणि ‘आपण’ : साने गुरुजींच्या कौटुंबिक पत्रांचा विचार

१

हडपसरात माळवाडीच्या बाजूस महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे साने गुरुजी रुग्णालय आहे. त्यामुळे या भागात साने गुरुजींचे नाव दिवसातून अनेक वेळा उच्चारले जाते. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, बसमधून उतरताना, नातेवाइकाची प्रकृती विचारताना ते सहज तोंडी येते. एखादे नाव इतके अंगवळणी पडले, म्हणजे त्या नावाच्या लेखकाचे लेखनही आपणांस अवगत आहे असा समज न वाचताच दृढ होतो. आमच्या पदव्युत्तर वर्गातील अनुभवही याहून वेगळा नाही. ‘श्यामची आई’ सर्वांस ठाऊक असते. ‘सुंदर पत्रे’ हे नावही बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु ही पत्रे अभ्यासाचा विषय म्हणून पुढे ठेवली, की विद्यार्थी संकोचतात, आणि त्यांच्या संकोचामागे दोन आक्षेप असतात असे दिसून येते.

पहिला आक्षेप असा, की ही पत्रे साप्ताहिकातून छापली जात होती. तेव्हा ती खाजगी पत्रे नव्हत, पत्राचा वेष घेतलेले लेख होत. दुसरा आक्षेप असा, की ती एका लहान मुलीस लिहिलेली असल्यामुळे त्यांत प्रौढ समीक्षेने पाहावे असे काही नाही. या दोन्ही आक्षेपांच्या जोडीला एक तिसरी प्रवृत्तीही आढळते. जे विद्यार्थी ही पत्रे वाचतात, त्यांतील पुष्कळजण ती लेखकाच्या अखेरीचा उलगडा करणारे कागद म्हणून वाचतात. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपविले. ही पत्रे त्या अखेरीच्या अगदी निकटची. साहजिकच प्रत्येक ओळीत पुढील घटनेची छाया शोधली जाते.

हे दोन आक्षेप आणि ही एक प्रवृत्ती यांचे मूळ एकच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पत्र म्हणजे दोन व्यक्तींमधील मोहोरबंद गुपित, ही कल्पना आपण नकळत स्वीकारली आहे. ज्यात गुपित नाही ते पत्र खोटे, आणि जे खरे त्यात गुपित असलेच पाहिजे, असा हा तर्क आहे. मराठी कुटुंबातील पत्रव्यवहाराचा आणि त्या पत्रांच्या भाषेचा विचार केला असता ही कल्पना टिकत नाही. पुढील विवेचन भाषेच्या, विशेषतः सर्वनामांच्या, अंगाने केले आहे.

२

प्रथम काही वस्तुस्थिती. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेर येथे शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही पाहत होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतः हाताने एक दैनिक लिहून काढीत. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना कारावास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. ती ऐकता ऐकता लिहून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. ‘धडपडणारी मुले’, ‘क्रांती’, ‘आस्तिक’, ‘सती’, ‘तीन मुले’ या त्यांच्या इतर कादंबऱ्या होत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्याच साप्ताहिकातून पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे प्रसिद्ध होऊ लागली, आणि तीच पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने ग्रंथरूप झाली. ‘श्यामची पत्रे’ हे दुसरे पुस्तक याहून निराळे. ते वसंत नावाच्या तरुणाला उद्देशून असून त्याचा विषय मुख्यतः तत्कालीन राजकीय व सामाजिक विचारप्रवाह हा आहे.

या तपशिलाकडे केवळ चरित्र म्हणून न पाहता लेखनाच्या जडणघडणीच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. साने गुरुजींचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे लेखन कोणास तरी सांगण्यातून निर्माण झाले आहे. छात्रालयाचे दैनिक समोरच्या मुलांसाठी होते. ‘गीता प्रवचने’ हे दुसऱ्याच्या वाणीचे लेखन होते. ‘श्यामची आई’ ही कादंबरी प्रकरणांत विभागलेली नाही, ती रात्रींत विभागलेली आहे: श्याम आश्रमातील सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. निवेदनाची ही चौकट शोभेची नव्हे. ऐकणारा कोणी आहे या जाणिवेवाचून या लेखकाचे वाक्य पुढे सरकत नाही. म्हणून पत्र हा त्यांच्या बाबतीत कादंबरीला जोडलेला परिशिष्टवजा प्रकार मानणे चुकीचे ठरेल. उलट पत्र हाच त्यांचा मूळ वाङ्मयप्रकार असून कादंबरी ही त्याची विस्तृत आवृत्ती आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

३

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. छापण्यासाठी लिहिलेले पत्र खाजगी कसे?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात शोधण्यापूर्वी घरात शोधणे इष्ट. काही वर्षांपूर्वी हडपसरच्या गावठाणातील एका घरी मला पत्रांची एक तार पाहावयास मिळाली. आलेली पत्रे वाचून झाल्यावर टोक वाकविलेल्या तारेत ओवून ठेवण्याची पद्धत मागील पिढीस परिचित आहे. त्या तारेत बहुतेक पोस्टकार्डे होती. मुंबईस गिरणीत कामाला असलेल्या मुलाने आईला लिहिलेली ती पत्रे. मायना ‘तीर्थरूप मातोश्रीस’ असा, आणि मजकूर सर्वत्र ‘तू’ या संबोधनाने. परंतु त्या माउलीस अक्षरओळख नव्हती. पत्र आले की शेजारचा शाळकरी मुलगा ते वाचून दाखवी. ऐकावयास घरातील सर्व मंडळी, आणि पुष्कळदा शेजारीही, जमत. मुलगा हे जाणून होता. म्हणून पैशाची अडचण तो एका ठराविक मोघम शब्दाने सूचित करी, थोरल्या भावाला सांगावयाचे ते आईला सांगण्याच्या निमित्ताने लिही, आणि शेवटी लहानथोरांची नावे घेऊन प्रत्येकास नमस्कार-आशीर्वाद कळवी. पत्र एकीलाच होते, आणि ते सर्वांनी ऐकावयाचे होते. या दोन विधानांत त्या घरातील कोणालाही विसंगती वाटली नाही.

१८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा या रीतीला एक सोयीचे साधन मिळाले इतकेच. रीत जुनी होती. हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत कोणास कोणता मायना लिहावा याचे नियम आहेत. वडील, गुरू, समवयस्क, कनिष्ठ यांच्यासाठी निरनिराळ्या शब्दयोजना ठरलेल्या आहेत. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सौभाग्यवती’, ‘राजमान्य राजश्री’ हे शब्द पत्र घेणाऱ्याची एकट्याची ओळख सांगत नाहीत. तो नात्यांच्या जाळ्यात कोठे बसतो हे सांगतात. ‘येथील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे’ या वाक्यातील क्षेम एकट्याचे नसते, घराचे असते. या अर्थी मराठीतील जुने पत्र कौटुंबिक आहे. इंग्रजी अमदानीत रूढ झालेल्या अर्थाने ते खाजगी नाही. कौटुंबिक पत्रात मुख्य संबोध्य एक असतो, आणि त्याच्याभोवती श्रोत्यांचे वर्तुळ असते. वर्तुळ असल्यामुळे संबोध्य खोटा ठरत नाही.

‘साधना’त छापलेले पत्र याच रीतीचा पुढील टप्पा होय. लेखकाने सुधाला लिहिले आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांनी ते ऐकले. येथे बदललेले आहे ते वर्तुळाचे माप. संबंधाची जात बदललेली नाही. हे विधान केवळ सद्भावनेने केलेले नाही. पत्रांच्या भाषेतून त्याला आधार मिळतो.

४

पत्रभाषेचा मर्मबिंदू म्हणजे सर्वनामे. १९६० साली ब्राउन आणि गिल्मन यांनी युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषाच्या सर्वनामांचा विचार करताना सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे मांडली. एकेरी संबोधन वरून खाली जाणारे असेल तर ते सत्तेचे द्योतक, आणि दोन्ही बाजूंनी सारखे वापरले जात असेल तर सख्याचे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. मराठीत हे तत्त्व जसेच्या तसे लावता येत नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, देवाला ‘तू’ म्हणतो, आणि लहान मुलालाही ‘तू’ म्हणतो. वडिलांना मात्र जुन्या घरांतून ‘तुम्ही’. म्हणजे मराठीतील ‘तू’ दोन निरनिराळ्या वाटांनी येतो: एक वडीलकीची वाट, दुसरी निःसंकोच जवळिकीची. काका पुतणीला ‘तू’ म्हणतो ते पहिल्या वाटेने. साने गुरुजींच्या पत्रांचा विशेष असा, की त्यांतील ‘तू’ वडीलकीच्या वाटेने प्रवेश करतो आणि फार लवकर दुसऱ्या वाटेवर जातो. आशीर्वाद देणारा काका थोड्याच वेळात, पाहिलेले फूल किंवा ऐकलेला पक्षी सांगण्यासाठी उतावीळ झालेला सोबती होतो. ‘श्यामची आई’त श्याम आईला ज्या ‘तू’ने हाक मारतो, त्याच ‘तू’चा सूर येथे मुलीसाठी लागला आहे. कादंबरीत मुलगा आईशी बोलतो, पत्रांत वडीलधारा मुलीशी बोलतो. नात्याची दिशा उलटली, सर्वनामाची ऊब तीच राहिली.

दुसरे सर्वनाम ‘आपण’. मराठीच्या अभ्यासकांनी याचे महत्त्व पुरेसे ओळखलेले नाही असे वाटते. ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुष म्हणून येते, ‘आपण होऊन’ अशा प्रयोगांत स्ववाचक म्हणून येते, आणि याखेरीज प्रथम पुरुषाच्या अनेकवचनात ‘आम्ही’च्या जोडीने येते. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो सामील होतो. हा व्यावर्तक-समावेशक भेद हिंदीतील ‘हम’मध्ये नाही, संस्कृतातही नाही. गुजरातीत तो आहे, आणि तमिळमध्ये ‘नाङ्गळ्’ व ‘नाम्’ या रूपांनी तो स्पष्ट आहे. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना तमिळ शिकले होते, ही गोष्ट येथे सहज आठवते. परंतु त्यावर काही अनुमान उभारण्याचे कारण नाही. घरची मराठीच त्यांना पुरेशी होती.

पत्राच्या वाक्यांत ‘तू’ आणि ‘आपण’ यांची पाळी कशी येते हे पाहणे उद्बोधक आहे. प्रारंभ ‘तू’ने होतो: क्षेमसमाचार, अभ्यास, घरची मंडळी. मग लेखक ‘मी’ होतो. काय पाहिले, काय वाचले, कोण भेटले हे सांगतो. या दोहोंच्या संगमावर ‘आपण’ उभे राहते. आरंभी ते ‘आपण’ दोघांचेच असते, काका आणि पुतणी यांचे. हळूहळू त्यात घरातील माणसे येतात, मग देशातील माणसे येतात. ही वाढ इतकी क्रमाने होते, की ‘साधना’चा वाचक नेमका कोणत्या वाक्यात आत आला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर सर्वनाम तेच राहते आणि त्याची व्याप्ती वाढत जाते. पत्र छापले गेल्यामुळे खोटे झाले असते, तर हा ‘आपण’ पहिल्या ओळीपासूनच सर्वांना उद्देशून असता. तो तसा नाही. त्याला दोघांपासून निघावे लागते. प्रत्यक्ष सुधा नसती तर हा ‘आपण’ निघालाच नसता.

‘श्यामची पत्रे’ या दृष्टीने ताडून पाहावीत. तेथेही पत्राचा साचा आहे आणि ‘तू’ आहे. पण तेथील वसंत हा शंका विचारणारा तरुण आहे. त्याला पटवून द्यावयाचे आहे. त्यामुळे वाक्ये ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘तर मग’ या अव्ययांनी जोडलेली, प्रश्न बव्हंशी प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी विचारलेले. ‘सुंदर पत्रां’तील प्रश्न उत्तराची वाट पाहणारे आहेत. लेखक एक, साचा एक. संबोध्य बदलताच वाक्याची घडण बदलते. संबोध्य हा पत्राचा अलंकार नसून पत्राचा शासक आहे, याला याहून चांगले प्रमाण मिळणे कठीण.

५

अन्य उदाहरणांशी तुलना केल्याने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ पत्रातून आली. तेथे पत्र हे निबंधाचे बाह्य रूप आहे. संबोध्य म्हणजे संपूर्ण लोक. दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे. चार खंडांत प्रसिद्ध झालेली ही पत्रे लिहिताना छापखान्याचा विचार नव्हता. सुनीता देशपांडे यांच्या बाजूची पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकामुळे उपलब्ध झाल्याने दोन प्रौढ, बहुश्रुत मनांचा संवाद दोन्ही बाजूंनी वाचता येतो. अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या ‘कुसुमानिल’ (१९७२) या पत्रसंग्रहातही दोन्ही हात आहेत. ‘सुंदर पत्रां’त एकच हात आहे. सुधाची उत्तरे आपल्यासमोर नाहीत. तिचे म्हणणे काकांच्या वाक्यांत जेवढे उमटले तेवढेच आपणांस कळते. वाचकाने ही मर्यादा सतत स्मरणात ठेवावयास हवी.

सर्वांत जवळचे उदाहरण मराठीबाहेरचे आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी तरुण वयात, मुख्यतः पद्मेकाठच्या जमीनदारीवरून, आपली पुतणी इंदिरादेवी हिला पत्रे लिहिली. त्यांतील निवडक पत्रे १९१२ साली ‘छिन्नपत्र’ या नावाने प्रसिद्ध झाली. नावातच ‘तोडलेले’ हा अर्थ आहे: घरगुती, व्यक्तिगत भाग काढून टाकून वाङ्मयीन भाग ठेवला होता. १९६० साली ‘छिन्नपत्रावली’ या नावाने अधिक पूर्ण पाठ आला. तेव्हा नदी, आकाश आणि खेडे यांच्या त्या प्रसिद्ध वर्णनांना किती साध्या घरगुती बोलण्याची संगत होती हे वाचकांस समजले. काकाने पुतणीला लिहिणे, निसर्गात रमणे आणि पत्रे छापली जाणे या तिन्ही बाबतींत साम्य आहे. भेद हा, की रवींद्रनाथांची पत्रे आधी घरात वाचली गेली आणि नंतर कातरून जगापुढे आली. साने गुरुजींची पत्रे घर आणि जग यांना एकाच वेळी मिळाली. रवींद्रनाथांना आपल्या पत्रांतून घर वेगळे काढता आले. साने गुरुजींनी ते काढले नाही. त्यांच्या पत्रांत क्षेमसमाचार आणि देशाची स्थिती एकाच श्वासात येतात. याला कोणी शैथिल्य म्हणेल. परंतु घर आणि देश या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवू नयेत, हाच या लेखकाचा जन्मभराचा आग्रह होता. पंढरपूरच्या उपोषणामागे आणि आंतरभारतीच्या स्वप्नामागे तोच आग्रह उभा आहे. ‘आपण’ या सर्वनामाची व्याप्ती वाढविणे, असे त्या आग्रहाचे व्याकरणात भाषांतर करता येईल.

६

येथवर पत्रांची बाजू मांडली. त्यांचे दोष झाकून ठेवणे मात्र समीक्षेस शोभणारे नाही. साने गुरुजींच्या लेखनावर हळवेपणाचा आरोप नेहमी होतो. तो सरसकट मान्य करणे किंवा सरसकट नाकारणे दोन्ही गैर आहे. गोड शब्दांची पुनरुक्ती, उद्गारवाचक वाक्ये, लघुत्वदर्शक रूपे ही लहान मुलीशी बोलण्याची स्वाभाविक साधने होत. संबोध्य वगळून, जणू ती कोणालाच उद्देशून नाहीत अशा रीतीने त्यांचे माप घेतले तर ती अतिरिक्त वाटणारच. आरशात पाहून केलेले हसू आणि मुलाकडे पाहून केलेले हसू यांत फरक करावयास नको काय?

परंतु काही ठिकाणी आरोप खरा ठरतो, आणि ती ठिकाणे ओळखण्याची खूणही सर्वनामांतच आहे. पत्र लिहिता लिहिता सुधा लेखकाच्या नजरेआड होते. ‘तू’ नाहीसा होतो, ‘आपण’ची जागा ‘मनुष्याने’, ‘समाजाने’ असे शब्द घेतात, आणि वाक्ये ‘पाहिजे’ने संपू लागतात. थोरांची नावे एकामागून एक येतात. ती कोण, कोठली, हे मुलीला सांगण्याचे भान उरत नाही. त्या क्षणी काका जाऊन ‘साधना’चा संपादक लेखणी हाती घेतो. हे परिच्छेद निस्तेज आहेत, आणि त्यांचे निस्तेज असणे आपल्या प्रतिपादनास बळकटीच देते. संबोध्य हरपताच या लेखकाची भाषा सैल होते. म्हणजे पत्रांतील दोष छापण्यामुळे आलेला नाही. तो विसरण्यामुळे आलेला आहे. आणि बहुधा पुढल्याच ओळीत त्याला मुलीची आठवण होते, हाक येते, आणि वाक्य पुन्हा जिवंत होते.

७

आता त्या तिसऱ्या प्रवृत्तीविषयी, म्हणजे अखेरीचा पुरावा शोधण्याविषयी. येथे अभ्यासकाने विशेष सावध राहावयास हवे, कारण प्रश्न केवळ पद्धतीचा नाही, मृत माणसाशी आपण कसे वागावे याचा आहे.

शेवट ठाऊक असलेला वाचक मागे वळून पाहतो, तेव्हा प्रत्येक मावळता सूर्य त्याला चिन्ह वाटतो. पत्रांत आनंद दिसला तर तो म्हणतो, वेदना लपविली. खिन्नता दिसली तर तो म्हणतो, वेदना उघड झाली. ज्या अनुमानाला दोन्ही प्रकारचा पुरावा सारखाच चालतो, ते अनुमान नव्हे. भाषेच्या अभ्यासकास याहून थोडे अधिक सांगता येईल. पत्रात काय लिहिले आहे यावर संबोध्याचा अंमल असतो, तसाच काय लिहिले नाही यावरही असतो. गिरणीतील तो मुलगा आईच्या पत्रात पैशाची अडचण मोघम शब्दांनी सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. आईला, शेजारच्या मुलाच्या तोंडून, इतक्या माणसांसमोर, काय ऐकविता येईल याचा विवेक तो करीत होता. पुतणीला लिहिणारा काका आपल्या मनावरील भार तिच्यावर टाकीत नसेल, तर ते मौन त्या ‘तू’चे व्याकरण आहे. त्यास प्रसन्नतेचा दाखला म्हणता येत नाही आणि निराशेचा दाखलाही म्हणता येत नाही. त्यातून निश्चयाने एवढेच सांगता येते, की लिहिणाऱ्याने समोरच्या मुलीचे वय अखेरपर्यंत ध्यानात ठेवले.

ही पत्रे ज्याने लिहिली त्याच्या मनात काय होते, हे त्या पत्रांवरून ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही, असे मला वाटते. ती पत्रे एका मुलीला काय देऊ इच्छीत होती हे मात्र आपण वाचू शकतो, आणि तेवढे वाचले तरी पुष्कळ आहे.

८

शेवटी एक व्यवहारातील सूचना. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे २०११ पासून साने गुरुजींचे लेखन कोणासही छापता येते. पुस्तके स्वस्तात घरोघरी जाणे ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु पत्रसंग्रहाच्या बाबतीत तिच्यात एक धोका संभवतो. मायना, तारीख, क्षेमसमाचार, शेवटचे आशीर्वाद हा भाग संक्षेप करणाऱ्यास निरुपयोगी वाटतो, आणि मुलांसाठी सुवचने वेचताना तोच प्रथम गळतो. प्रस्तुत विवेचन ग्राह्य असेल तर हाच भाग पत्राचा कणा आहे. तो गळला की ‘आपण’ला आरंभ राहत नाही, आणि उरतो तो उपदेश. रवींद्रनाथांच्या पत्रांना पूर्ण पाठ मिळण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आपल्याकडील पाठ आधी पूर्ण आणि मग छिन्न होऊ नये.

याकरिता ‘साधना’च्या १९४९ व १९५० या वर्षांच्या अंकांशी ग्रंथातील पत्रे ओळीओळीने ताडून पाहणे, प्रत्येक पत्रातील सर्वनामांची नोंद करणे, आणि ‘तू’कडून ‘आपण’कडे होणारे संक्रमण नेमके कोणत्या विषयापाशी घडते हे तपासणे, अशी तीन कामे विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहेत. याशिवाय एक चौथे काम आहे आणि त्याला मुदत आहे. हडपसरसारख्या गावांतून, जेथे वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, अजून काही घरांत पत्रांच्या तारा शिल्लक असतील. घर बदलताना सर्वांत आधी टाकले जातात ते जुने कागद. साने गुरुजींची पत्रे ज्या रीतीतून आली ती रीत समजावयाची असेल, तर त्या तारांवरील पोस्टकार्डे, घरच्या माणसांची संमती घेऊन आणि नावे गुप्त राखून, उतरून घेतली पाहिजेत. मी पाहिलेली तार मी त्याच वेळी उतरून घेतली नाही. पुढील वर्षी गेलो तेव्हा ते घर त्या जागी नव्हते, आणि तारेविषयी कोणास काही सांगता आले नाही.